डेस्कवरचा थंडोबा

त्याला थंडोबा हे नाव पडलं एका आगीपायी.

वीजकेंद्राच्या कंट्रोल रूमखाली केबलींचं तळघर होतं. एकदा भर दुपारी तिथे आग लागली. धूर वर आला, डेस्कवरच्या इशाऱ्याच्या दिव्यांच्या छोट्या चौकोनी खिडक्या एकदम लाल झाल्या, भोंगे बोंबलायला लागले. माणसं सैरावैरा धावत सुटली. कुणी फोनकडे, कुणी दाराकडे. एकजण तर उगाचच टेबलावरच्या फाईली उचलून कपाटात नीट लावत बसला. हा मात्र खुर्चीवरून हलला नाही. एकेक बटण दाबत त्याने कोळशाच्या मिल बंद केल्या, बॉयलरची आग उतरवली, टर्बाईन हळूहळू खाली आणलं. हट्टी पोराला थोपटून निजवावं तसं त्याने बॉयलर-टर्बाईनचं ते अवाढव्य युनिट निजवलं, आणि मग मान वळवून विचारलं, "चहा कुणी सांगितलाय का?"

आग विझल्यावर लोक पोट धरधरून हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

काम तसं सांगायला सोपं होतं. कोळसा यार्डातून पट्ट्यावरून यायचा, मिलमध्ये दळून पिठासारखा बारीक व्हायचा. ते काळं पीठ वाऱ्याने बॉयलरमध्ये फुंकलं की ते हवेतल्या हवेत पेट घ्यायचं. भिंतीतल्या नळ्यांतून पाण्याची वाफ व्हायची, वाफ टर्बाईन फिरवायची, आणि टर्बाईनच्या पाठीला पाठ लावून बसलेल्या जनरेटरमधून वीज तारांवर चढायची. पुढे शहर होतं, कारखाने होते, इस्पितळं, लिफ्ट, पंखे. पण थंडोबाच्या डोळ्यांसमोर शहर कधी येत नसे. त्याच्यासमोर यायचा तो आकडा. दिवसभरात लोड डिस्पॅचचा फोन वाजत राहायचा. सगळ्या वीजकेंद्रांनी किती वीज करायची हे तिथून ठरायचं. "वीस वाढवा," तिकडचा माणूस म्हणायचा. "वाढवतो," हा म्हणायचा. "दहा कमी करा." "करतो." त्या माणसाशी तो कित्येक वर्षं रोज बोलत होता, तो गोरा का काळा हे त्याला ठाऊक नव्हतं. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. लोक वापरतील तेवढी त्याच घटकेला करावी लागते. त्यामुळे हातातलं काम टाकून उठायचं नाही, ही सवय त्याच्या अंगात मुरून गेली होती.

घरी बायको होती. ती शिवणकाम करायची. कामगारांच्या डांगऱ्यांच्या, म्हणजे कामावर घालायच्या जाड अंगभर कपड्यांच्या, चेनी हा तिचा खास प्रांत. कोळशाच्या धुळीने चेनी अडकायच्या, दात तुटायचे, आणि वीजकेंद्राच्या वसाहतीतली माणसं डांगरी खांद्यावर टाकून तिच्या दारात उभी राहायची. शिवताना तिचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. थंडोबा ऐकायचा. मान हलवायचा.

"ह्यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं," ती शेजारणीला सांगायची. "आणि चेंडू तरी परत येतो गं! इथे चेंडूही गडप."

शेजारीण म्हणजे वेल्डरची बायको. ती हसायची, आणि थंडोबाही बाहेरच्या खोलीत पेपरमागे हसायचा. संसार बरा चालला होता. एक लेक होती, ती शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला लागली होती.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. अंगाची लाही होत होती, आणि साऱ्या शहराने पंखे, एसी एकदम लावले होते. नेमकं त्याच सकाळी शेजारच्या युनिटच्या बॉयलरची नळी फुटली आणि ते बंद पडलं. सगळा भार थंडोबाच्या युनिटवर आला. त्यात त्याची एक मिल अडकली. कोळशाबरोबर लोखंडाचा तुकडा आत गेला होता. माणसांनी तो काढला, मिल साफ केली आणि खालून कळवलं, झालं, लावा. डिस्पॅचवाला तासभर त्याच मिलसाठी जीव खात होता.

तेवढ्यात बाहेरच्या लाईनवर फोन आला. वेल्डरची बायको होती.

"भाऊजी, वहिनींना चक्कर आली. घाम सुटलाय खूप. आम्ही दवाखान्यात नेतोय त्यांना."

"बरं," तो म्हणाला. "येतो."

शिफ्टचे साहेब मागेच उभे होते. त्यांनी विचारलं, ह्याने सांगितलं. साहेब म्हणाले, "अरे, मग जा की. मी बसतो इथे."

"एवढी मिल लागू दे, मग जातो."

का म्हणाला, ते त्याचं त्यालाही नंतर सांगता आलं नाही. विचार करून म्हणाला नव्हता. हात बटणावर होता, एवढंच. बायकोला उन्हात चक्कर येणं काही नवं नव्हतं. मिल पहिल्या खेपेला लागली नाही. दुसऱ्या खेपेला लागली, पण थरथरायला लागली. ती थांबवून पुन्हा खालच्या माणसांशी बोलावं लागलं. तिसऱ्यांदा नीट लागली. लोड चढला. डिस्पॅचवाला म्हणाला, "वाचवलंत बुवा." मग थंडोबा उठला, सायकल काढली आणि दवाखान्यात गेला.

वेल्डरची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर बायकोच्या चपला होत्या. स्वतःच्या मुलाला धरावं तशा तिने त्या दोन्ही हातांनी धरल्या होत्या.

आत डॉक्टर हृदयाबद्दल काहीतरी सांगत होते. फार जोराचा झटका होता, इथे काही करण्यासारखं नव्हतं, मोठ्या इस्पितळात नेईपर्यंतही टिकल्या नसत्या, असं ते म्हणाले. थंडोबा ऐकत होता. त्याने बायकोकडे पाहिलं. मग त्याची नजर वर गेली. छताचा पंखा मंद फिरत होता, एकेक पातं मोजता येत होतं. व्होल्टेज पडलंय, त्याच्या मनात आलं. त्या खोलीत त्याच्या मनात आलं ते एवढंच.

"विचारत होत्या," वेल्डरची बायको रडत म्हणाली. "येतायत का, म्हणून. मी म्हटलं, निघालेत. खोटं नाही ना बोलले मी भाऊजी?"

"नाही," तो म्हणाला.

लेक संध्याकाळी आली. पुढचे दिवस आले तसे गेले. जे करायचं असतं ते माणसांनी केलं. थंडोबाला जिथे उभं केलं तिथे तो उभा राहिला, बसवलं तिथे बसला. लेक रडून रडून सुजली होती. त्याचे डोळे कोरडे ठणठणीत. लोक यायचे, त्याचा हात हातात घ्यायचे, आणि तो त्यांना पाणी द्यायचा. एक म्हातारा फिटर तर जाताना दारात पुटपुटला, "नाव उगाच नाही ठेवलं."

मग शिफ्टचे साहेब भेटायला आले. माणूस मनाचा चांगला. दोन शब्द बरे बोलावेत म्हणून ते लेकीजवळ बसले.

"तुला सांगतो पोरी, असा माणूस मी आख्ख्या नोकरीत पाहिला नाही. त्या दिवशी एक युनिट आधीच गेलेलं, शहरात हाहाकार. घरून असा फोन. मी म्हटलं, जा तू. तर म्हणतो, एवढी मिल लागू दे, मग जातो! आणि लावली. हात थरथरला नाही त्याचा. अशा माणसांच्या जिवावर वीज चालते बघ."

लेकीने त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं. मग ती स्वयंपाकघरात आली. थंडोबा कपबशा विसळत होता.

"म्हणजे तुम्हाला निघता येत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, सोडलं नाही तुम्हाला. मी सगळ्यांना तसंच सांगितलं. कोणती मिल?"

"म्हणजे?"

"ज्या मिलसाठी थांबलात ती. काहीतरी नाव असेल ना तिला."

"डी."

"डी," ती म्हणाली.

त्याने कपबशी पालथी घातली. लेक दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेली. तिच्या बॅगेला हात लावायला तो पुढे झाला, तर तिने ती आधीच उचलली होती.

तो कामावर परतला. डेस्क तेच, खुर्ची तीच. "वीस वाढवा." "वाढवतो." लोक पहिल्या आठवड्यात आवाज खाली ठेवून बोलले, नंतर तेही विसरले. घरी माणसं शिवायला टाकलेले कपडे न्यायला यायची. ती दारात संकोचून उभी राहायची आणि तो म्हणायचा, "आत या, बघा तुमचं कोणतं ते." एका रंगाऱ्याच्या पँटीचा एकच पाय दुमडून शिवला होता, दुसऱ्याला टाचण्या लावलेल्या. रंगारी ती पँट हातात धरून नुसताच उभा. "राहू दे का इथेच?" त्याने विचारलं. "न्या," थंडोबा म्हणाला, "टाचण्या सांभाळा." कपडे सगळे गेले. खोली मोकळी झाली. त्याला वाटलं होतं की खोली मोकळी झाली की काहीतरी होईल. काही झालं नाही.

जेवणाला चव नव्हती, पण भूक होती. झोप लागायची, पण झोपल्यासारखं वाटायचं नाही. दाढी करताना एकदा कापलं, रक्त गळ्यापर्यंत आलं, ते आरशात दिसलं म्हणून कळलं.

"रडून घ्या हो एकदा," वेल्डर त्याला म्हणाला. वेल्डर आडदांड गडी, पण सिनेमा बघतानाही डोळे पुसणारा. "कोंडून ठेवू नये माणसाने. बॉयलरचं काय होतं, तुम्हाला सांगायला नको."

सल्ला चांगला होता. एका रविवारी थंडोबाने दार लावलं, पलंगावर बसला आणि खरोखर प्रयत्न करून पाहिला. बायकोचा चेहरा आठवला, चपला आठवल्या, "येतायत का" हेही आठवलं. बराच वेळ वाट पाहिली. शेवटी जांभई आली. मग तो उठला आणि बटाटे चिरायला घेतले.

असे काही महिने गेले. लेकीचा फोन येत नव्हता. हा करायचा तेव्हा ती "कामात आहे" म्हणायची, आणि तो "बरं" म्हणायचा.

मग एका दुपारी ते झालं. युनिट पूर्ण भाराने चाललं होतं. बॉयलरला पाणी ढकलणारा पंप काहीतरी बिघडून बंद पडला. अशा वेळी शेजारचा राखीव पंप आपोआप सुरू व्हायला हवा. तो झाला नाही. बॉयलरच्या माथ्यावर पाण्याचा मोठा ड्रम असतो. त्यातली पातळी उतरायला लागली. समोरच्या पडद्यावर ती रेघ खाली सरकताना थंडोबाला स्वच्छ दिसत होती. राखीव पंपाचं बटण त्याच्या उजव्या हाताशी होतं. ह्या डेस्कवर तो हे झोपेतसुद्धा करू शकला असता.

त्याने रेघेकडे पाहिलं. रेघ खाली गेली. त्याला घाई वाटली नाही, भीती वाटली नाही. हात मांडीवर होता आणि तो तिथेच राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

"अरे, पंप! पंप लाव!" टर्बाईनच्या डेस्कवरचा जोडीदार ओरडला आणि धावत आला. तो पोचेपर्यंत उशीर झाला होता. बॉयलर स्वतःला वाचवायला आपणहून बंद झाला, पाठोपाठ टर्बाईनही बंद पडलं. बाहेर कोंडलेली वाफ झडपांतून गर्जत आकाशात गेली. वसाहतीतल्या खिडक्या थरथरल्या. दोनशे मेगावॅट वीज एका क्षणात नाहीशी झाली.

डिस्पॅचचा फोन वाजला. थंडोबानेच उचलला.

"काय झालं तुमचं?"

"गेलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मोठ्या साहेबांच्या खोलीत त्याला बसवलं.

"पंप बंद पडल्याचं दिसलं नाही?"

"दिसलं."

"भोंगा ऐकू आला नाही?"

"आला."

"मग?"

थंडोबाने खरंच आठवून पाहिलं. "मग काही नाही, साहेब. बघत होतो."

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. इतर कुणी असतं तर ते कडाडले असते. "घरी कोण असतं तुमच्या?" त्यांनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी समोरची फाईल मिटली. "डेस्कवर नको काही दिवस," शेवटी म्हणाले. "राखेच्या तळ्यावर जा. मोकळी हवा आहे." ती शिक्षा होती, आणि मेहेरबानीही होती. थंडोबाला दोन्हीपैकी काहीच लागलं नाही. "बरं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. कित्येक दिवसांनी पहिल्यांदा, आपणहून.

"काल दुपारी आमच्याकडे वीज गेली होती," ती म्हणाली. "मी एका आजोबांचे डोळे तपासत होते. अक्षरांची पाटीच विझली. ते म्हणाले, मला आता काहीच दिसत नाही. मी म्हटलं, मलाही नाही." ती हसली नाही. "बातम्यांत सांगितलं, तुमच्याकडचं युनिट बंद पडलं म्हणून. तुमचंच का?"

"माझंच."

"कशाने?"

"माझ्या हातून गेलं. पंप लावायचा होता, लावला नाही."

ती वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढली होती. ह्या वाक्याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "जेवलात का?"

राखेचं तळं वीजकेंद्राच्या मागच्या अंगाला होतं. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून नळांतून तिथे सोडत. राख तळाशी बसायची, वरचं निवळ पाणी पंपाने परत जायचं. थंडोबाने दिवसातून काही वेळा बांधावरून फिरायचं, कुठे पाझरतंय का ते बघायचं, वारा सुटला की राख उडू नये म्हणून फवारे लावायचे. सगळीकडे एकच रंग. पाऊल टाकलं की ठसा उमटायचा आणि थोड्या वेळात आपोआप बुजायचा. पंपाच्या खोलीत एक लांबुडका माणूस होता, एका पायावर भार देऊन कठड्याला टेकून उभा राहायचा, म्हणून त्याला बगळा म्हणत. बगळ्याला ऐकणारा हवा होता आणि थंडोबाला बोलणारा चालत होता. दोघांचं जमलं.

महिन्याभरात लेक आली. ती थेट तळ्यावरच आली, पायांत शहरातल्या चपला, पाच पावलांत करड्या झालेल्या. बगळ्याने तिला खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही. "तुम्ही बांधावर फिरायला निघालात की मीही येते," ती म्हणाली.

दोघं बांधावरून चालायला लागले. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "आई गेली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

तो चालत राहिला. खोटं सांगता आलं असतं, पण तेवढीही उठाठेव त्याच्याने होईना.

"पंखा हळू फिरत होता," तो म्हणाला. "दवाखान्यातला. वाटलं, व्होल्टेज पडलंय."

ती थांबली. "पंखा?"

"हो."

"आणि नंतर?"

"नंतरचं अजून आलंच नाही. मी वाट बघतो. बसूनसुद्धा बघितली. येत नाही."

"मला तुमचा राग आला होता. अजून आहे."

"असू दे."

"असू दे काय, असू दे?" तिचा आवाज चढला. "काहीतरी बोला ना! ती मिल लागली नसती तर काय झालं असतं? शहर बुडालं असतं?"

"नाही. लोड थोडा कमी झाला असता. डिस्पॅचवाला ओरडला असता. शिफ्टचे साहेब बसले असते तर त्यांनी लावली असती. कुणीही लावली असती."

"मग?"

"मग काही नाही. मी उठलो नाही."

तिने इतके दिवस मनात त्याच्याशी भांडण केलं होतं, आणि त्या भांडणात तो दरवेळी काहीतरी कारण सांगायचा. कर्तव्य, जबाबदारी, शहरातली इस्पितळं. ती ते कारण फाडून टाकायची. आता फाडायला काही नव्हतं. ती तिथेच एका दगडावर बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. थंडोबा उभा राहिला. मग त्याने हातमोजा काढला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस उन्हाने तापले होते, हे त्याला समजलं. पण ते हातमोज्यातूनच समजावं तसं, लांबून. तरी त्याने हात काढला नाही. ती शांत होईपर्यंत ठेवला.

"चला," ती नाक पुसत म्हणाली. "तुमचा बांध राहिलाय."

त्यानंतर ती दर रविवारी फोन करायची. फार काही बोलणं नसायचं. आज किती ऊन आहे, डाव्या डोळ्याने न दिसणाऱ्या बाईने चष्मा कसा उलटा घातला, बगळ्याने काय थाप मारली. कधी दोघं गप्प बसायचे आणि कुणीच फोन ठेवायचं नाही.

वर्षभराने मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं, डेस्कवर परत यायचं का. थंडोबा नको म्हणाला. लोकांना वाटलं, मानी आहे, जुना अपमान गिळता येत नाही. तसं काही नव्हतं. तिथे बसून आपण पुन्हा नुसतं बघत राहू की पुन्हा पहिल्यासारखं उठायचं विसरू, ह्यातलं काय होईल हे त्याला सांगता येईना. दोन्ही सारखीच नको होती. नोकरीची उरलेली वर्षं त्याने राखेवर काढली. निरोपाच्या दिवशी शिफ्टच्या साहेबांनी भाषणात केबलींच्या आगीची गोष्ट सांगितली, मिलची सांगितली नाही. कुणीतरी त्यांना मधल्या काळात काही बोललं असावं.

निवृत्तीनंतर लेकीने त्याला शहरात आपल्याकडे नेलं. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. सकाळी तो जिन्याने खाली उतरायचा आणि येताना जिन्यातले दिवे मालवत यायचा, कारण दिवसाढवळ्या ते जळत असायचे. दुसऱ्या मजल्यावर एक फोटोवाला राहायचा. त्याची गिऱ्हाइकं वरखाली करायची, म्हणून तो दिवे लावून ठेवायचा. हा मालवायचा, तो लावायचा. बरेच दिवस हे बिनबोभाट चाललं होतं.

एके सकाळी दोघांची गाठ नेमकी बटणापाशी पडली.

"काका," फोटोवाला म्हणाला, "तुमच्या खिशातून जाते का हो वीज?"

थंडोबाला नेहमीसारखं "बरं" म्हणून वर जायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"खिशातून नाही जात!" तो ओरडला. जिना दणाणला. "दिवा जळतो तेव्हा तिकडे कुणीतरी बसलेलं असतं! कळतं का तुला? बसलेलं असतं तिथे! घरून फोन येतो, आणि त्याला उठता येत नाही! उठता येत नाही त्याला!"

वरच्या मजल्यावर दारं उघडली. फोटोवाला दोन पायऱ्या मागे सरकला. "बरं, बरं, काका. बंद करतो. एवढं काय."

थंडोबाला धाप लागली होती. त्याने कठडा धरला.

"उठता येतं," तो अगदी हळू म्हणाला, फोटोवाल्याकडे न बघता. "येतं उठता."

मग तो वर आला. लेक दारातच उभी होती, हातात कंगवा, केस अर्धे विंचरलेले.

"तुम्ही ओरडत होतात?"

"हो."

"कुणावर?"

"फोटोवाल्यावर."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं, दुकानात माणसांच्या डोळ्यांत बघायची तसं. त्याचा चेहरा तांबडा झाला होता, गालांवरून पाणी ओघळत होतं. तो घाम होता की काय, हे तिने विचारलं नाही. ती आत गेली, पाणी आणलं. तो प्यायला.

"माफी मागावी लागेल त्याची," तो म्हणाला.

"उद्या मागा. आज बसा जरा."

तो खिडकीपाशी बसला. खाली रस्त्यावर दुकानांची दारं वर सरकत होती. लेक उशिरा कामावर गेली, आणि दुपारी मध्येच घरी डोकावून गेली. घसा बसला होता आणि गिळताना दुखत होतं. आपलं काही दुखतंय असं त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी लेक परतली तेव्हा चपला काढायच्या आत त्याने तिला सांगितलं, घसा दुखतोय म्हणून. आणि जेवताना पुन्हा एकदा सांगितलं.